ध्वनिक्षेपक काढून घ्यावा काय?

गेल्या सत्रात आपल्या महाविद्यालयात जी वादविवाद स्पर्धा झाली, तिचा विषय वाचकांपैकी काहींच्या स्मरणात असेल. ‘मुसलमानांविषयी आक्षेपार्ह उद्गार काढणाऱ्या समालोचकांना प्रक्षेपण संस्थांनी कामावरून काढून टाकावे’ असा तो विषय होता. चिठ्ठीत मला अनुकूल बाजू आली. मी राज्यघटनेपासून सुरुवात केली, बंधुता या शब्दावर बराच वेळ बोललो, शेवटी आवाज चढवला आणि दुसरे पारितोषिक मिळवले. बक्षीस समारंभ आटोपल्यावर राज्यशास्त्राच्या सरांनी मला बाजूला बोलावले. ते म्हणाले, “भाषण चांगले झाले. पण कोणाला काढले, का काढले आणि पुढे काय झाले, यातले एकही नाव त्यात नव्हते.”

सरांचे म्हणणे खरे होते. मला एकही प्रसंग नीट माहीत नव्हता. नंतर मी ग्रंथालयात बसून आणि मोबाईलवर शोधून काही प्रसंग गोळा केले. ते वाचताना माझे स्पर्धेतले मत पुष्कळ बदलले. दुसरेही एक कारण आहे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा “कॉलेजात जातो, बोलायला चांगला आहे” म्हणून गावच्या क्रिकेट स्पर्धेचा ध्वनिक्षेपक गेली दोन वर्षे माझ्या हाती आला आहे. म्हणजे समालोचक या जातीत मीही मोडतो. त्याविषयी शेवटी लिहीन.

पहिला प्रसंग क्रिकेटचाच. ७ ऑगस्ट २००६. मी त्या वर्षीच जन्मलो, त्यामुळे हे सारे मला मागाहून कळलेले. कोलंबोच्या पी. सारा ओव्हल मैदानावर श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात दुसरा कसोटी सामना चालू होता. चौथा दिवस होता. हा सामना श्रीलंकेने दुसऱ्या दिवशी अवघा एक गडी राखून जिंकला, पण तो आता फारसा कोणाला आठवत नाही. आठवते ते एक वाक्य. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने कुमार संगकाराचा झेल घेतला, आणि समालोचन कक्षातून डीन जोन्स म्हणाले, “दहशतवाद्याने आणखी एक बळी मिळवला.”

हाशिम आमला दरबानचा. पूर्वज गुजरातेतले. लांब दाढी राखणारा, धर्माचे नियम मनापासून पाळणारा तरुण. मद्य बनवणाऱ्या पुरस्कर्त्या कंपनीचे चिन्ह आपल्या सदऱ्यावर नको, अशी विनंती त्याने केली होती आणि त्याच्या मंडळाने ती मान्य केली होती. कसोटी संघात तो त्या वेळी पाय रोवत होता. पुढे २०१२ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर त्याने नाबाद ३११ धावा केल्या आणि कसोटीत त्रिशतक काढणारा तो पहिला दक्षिण आफ्रिकी फलंदाज ठरला. पण २००६ मध्ये जोन्स यांच्या तोंडून शब्द निघाला तो या दाढीकडे पाहून, त्याच्या खेळाकडे पाहून नव्हे.

डीन जोन्स हे आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना चांगले माहीत आहेत. १९८६ साली मद्रासच्या बरोबरीत सुटलेल्या कसोटीत, त्या भयंकर उकाड्यात २१० धावा काढून रुग्णालयात दाखल झालेले ते हेच. असा माणूस द्वेषाने पेटलेला होता असे मला वाटत नाही. उद्गार काढला तेव्हा आपली वाहिनी जाहिराती दाखवत आहे, म्हणजे आपला आवाज बाहेर जात नाही, अशी त्यांची समजूत होती. टेन स्पोर्ट्स या त्यांच्या वाहिनीवर खरोखरच जाहिराती चालू होत्या. पण दक्षिण आफ्रिकेत जे प्रक्षेपण जात होते त्यात मध्ये जाहिराती नव्हत्या. तिथे घरोघरी ते वाक्य ऐकू गेले. म्हणजे जगात ज्या एका देशात ते वाक्य सर्वांत जास्त लागायचे, नेमक्या त्याच देशात ते पोहोचले.

टेन स्पोर्ट्सने जोन्स यांचा करार तत्काळ संपवला. ते पुढच्या विमानाने ऑस्ट्रेलियाला परतले. त्यांनी माफी मागितली, आमलाने ती स्वीकारली.

आता प्रश्न असा की वाहिनीने केले ते योग्य केले काय? वादविवादात प्रतिकूल बाजूच्या एका मित्राने असा मुद्दा मांडला होता की खाजगीत म्हटलेल्या थट्टेच्या वाक्यासाठी कोणाची भाकरी काढून घेऊ नये. तेव्हा मी त्याला टाळ्यांच्या जोरावर उडवून लावले होते. आज त्याला विचारपूर्वक उत्तर देतो. समालोचकाचे काम काय? मैदानावर जे घडले ते, ज्याला दिसत नाही किंवा कळत नाही त्याला सांगणे. मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन ज्यांनी रुजवले त्या बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांच्या आवाजावर विसंबून आमच्या आजोबांच्या पिढीने न पाहिलेले सामने पाहिले, असे जुनी माणसे सांगतात. या कामाचे सारे भांडवल म्हणजे ऐकणाऱ्याचा विश्वास. आमलाने झेल घेतला हे घडलेले. तो दहशतवादी हे न घडलेले, चेहऱ्यावरून जोडलेले. ज्याने घडलेले सांगायचे त्यानेच न घडलेले चिकटवले, तर त्याने मतस्वातंत्र्य वापरले असे न म्हणता त्याने काम बिघडवले असे म्हणावे लागेल. म्हणून जोन्स यांना त्या मालिकेतून दूर करणे मला योग्य वाटते.

आणि हा शब्द काही साधा नाही. त्याच उन्हाळ्यानंतर, ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट होऊन दोनशेच्या आसपास माणसे मेली होती. लोकांच्या मनात भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण कोलंबोतल्या त्या वाक्यानंतर जेमतेम एका महिन्याने, ८ सप्टेंबरला मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि आधी पकडले गेले तेही नऊ मुसलमान तरुणच. त्यांच्यावरचा आरोप टिकत नाही असे म्हणून मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले ते एप्रिल २०१६ मध्ये, आणि तोवर त्यांतला एक जण हयात राहिला नव्हता. दहशतवादी हा शब्द एकदा माणसाला चिकटला की सुटायला किती वर्षे लागतात, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ज्यांना हा शब्द कधी चिकटत नाही त्यांना तो विनोद वाटतो.

जोन्स यांच्या कथेचा पुढचा भाग मात्र मला फार मोलाचा वाटतो. त्यांची कारकीर्द तिथे संपली नाही. दुसऱ्या वाहिन्यांवर ते पुन्हा बोलू लागले. पाकिस्तानच्या लीग स्पर्धेत इस्लामाबादच्या संघाचे ते प्रशिक्षक झाले आणि २०१६ व २०१८ अशी दोन वेळा त्या संघाने ती स्पर्धा जिंकली. ज्या माणसाने एका मुसलमान खेळाडूला दहशतवादी म्हटले होते, त्याच्या हाती पाकिस्तानातल्या मुलांनी आपला खेळ सोपवला. २४ सप्टेंबर २०२० रोजी मुंबईतल्या एका हॉटेलात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते तिथे आय.पी.एल.च्या समालोचनासाठीच आले होते, सामने अरबस्तानात आणि समालोचक मुंबईत अशी त्या वर्षीची व्यवस्था होती. तेव्हा, काढून टाकणे म्हणजे जन्मभराची हद्दपारी असलीच पाहिजे असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला आणि अधिक गुंतागुंतीचा. हुआन विल्यम्स हे कृष्णवर्णीय पत्रकार. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीवर त्यांनी पुस्तक लिहिलेले. ते नॅशनल पब्लिक रेडिओ या, त्या वेळी लोकांच्या देणग्यांवर आणि काही प्रमाणात सरकारी पैशावर चालणाऱ्या नभोवाणी संस्थेत वृत्तविश्लेषक होते, आणि शिवाय फॉक्स न्यूज या वाहिनीवरही बोलायला जात. ऑक्टोबर २०१० मध्ये फॉक्सवरच्या बिल ओ’रायली यांच्या कार्यक्रमात ते म्हणाले की विमानात बसल्यावर मुसलमानी पेहरावातली माणसे दिसली की मला काळजी वाटते, मी अस्वस्थ होतो. दोनच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, रेडिओने त्यांना काढले. त्यांचे उद्गार आमच्या संपादकीय तत्त्वांशी विसंगत आहेत आणि वृत्तविश्लेषक म्हणून त्यांची विश्वासार्हता त्याने कमी होते, असे कारण देण्यात आले.

इथवर ऐकले तर हे जोन्स यांच्यासारखेच वाटते. पण तसे ते नाही. त्याच संभाषणात पुढे विल्यम्स यांनी ओ’रायली यांना अडवले होते. टिमोथी मॅकव्हे याने बॉम्बस्फोट केला म्हणून आपण सगळ्या ख्रिश्चनांना दोष देत नाही, मग मुसलमानांना सरसकट का द्यायचा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ओ’रायली यांनी आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका कार्यक्रमात, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात आम्हांला मुसलमानांनी मारले असे सरसकट विधान केले होते आणि त्यावर दोन सूत्रसंचालिका उठून गेल्या होत्या. चर्चा त्यावरूनच निघाली होती. म्हणजे एका माणसाने आपल्या मनातली भीती कबूल केली आणि मग त्या भीतीच्या मागे लागणाऱ्यांना आवरले. त्याने कोणाला नाव ठेवले नाही, स्वतःविषयी सांगितले.

ही भीती योग्य आहे काय? नाही. विमानात पेहराव पाहून घाबरणे हा अन्यायच आहे, आणि ज्याच्याकडे पाहून सहप्रवासी घाबरतो त्याला तो रोज सोसावा लागतो. विल्यम्स यांच्या बाबतीत तर हे अधिक बोचते, कारण काळा माणूस पाहून रस्ता बदलणारे लोक त्यांनी जन्मभर पाहिले असणार. पण ती भीती बोलून दाखवली म्हणून तरी तिच्यावर बोलता येते. रेडिओने त्यांना आपल्याच ध्वनिक्षेपकासमोर बसवून, एखाद्या मुसलमान प्रवाशाला समोर आणून तासभर बोलते केले असते, तर किती लोकांनी ते ऐकले असते!

त्याऐवजी त्यांना दूरध्वनी गेला. प्रत्यक्ष येऊन बाजू मांडू द्या असे आपण म्हटले, पण निर्णय वरून झाला आहे असे उत्तर मिळाले, असे विल्यम्स यांनी नंतर सांगितले. संस्थेच्या प्रमुख व्हिव्हियन शिलर तर जाहीरपणे बोलून गेल्या की विल्यम्स यांनी असल्या भावना आपल्या मनोविकारतज्ज्ञापाशी किंवा प्रसिद्धी पाहणाऱ्यापाशी ठेवायला हव्या होत्या. या वाक्याबद्दल मग त्यांनाच माफी मागावी लागली. ज्यांनी दूरध्वनी केला त्या वृत्तविभागाच्या प्रमुखांना जानेवारी २०११ मध्ये चौकशीनंतर पद सोडावे लागले. फॉक्सने मात्र विल्यम्स यांना लगेच तीन वर्षांचा, सुमारे वीस लाख डॉलरचा करार दिला.

हा प्रसंग मी घरी आबांना सांगितला. माझे वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर हंगामी कामगार आहेत. अमेरिका, रेडिओ, विमान हे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “मग बोलावून इचारलं का त्याला?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “मग ते काढणं खोटं.” याला मागचा इतिहास आहे. मी सातवीत असताना, तेव्हा ते जिथे कामाला होते तिथे कोणीतरी वरिष्ठांच्या कानाला लागले आणि आबांना अर्ध्या हंगामात घरी बसवले. काय केले म्हणून बसवले, हे त्यांना आजतागायत कोणी सांगितलेले नाही. त्या वर्षी माझी फी आईने शेळी विकून भरली. त्यामुळे ‘काढून टाका’ हे दोन शब्द व्यासपीठावरून मी जितक्या सहज उच्चारले, तितक्या सहज ते आमच्या घरात उच्चारता येत नाहीत. स्पर्धेच्या वेळी मला हे सुचले नाही याची लाज वाटते.

बाकीचे प्रसंग थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये रॉबर्ट किलरॉय-सिल्क यांचा चर्चेचा कार्यक्रम बीबीसीवर १९८६ पासून चालू होता. जानेवारी २००४ मध्ये एका रविवारच्या वर्तमानपत्रात त्यांनी सबंध अरबांना आत्मघातकी, हातपाय तोडणारे आणि स्त्रियांना दडपणारे ठरवले. कार्यक्रम बंद झाला, त्याच महिन्यात ते बीबीसीतून बाहेर पडले आणि जूनमध्ये लोकांनी त्यांना युरोपीय संसदेत निवडून दिले! मे २०१७ मध्ये मँचेस्टरच्या स्फोटानंतर केटी हॉपकिन्स यांनी ‘अंतिम उपाय’ हा, ज्यूंच्या कत्तलीसाठी हिटलरशाहीने वापरलेला शब्द वापरला आणि लंडनच्या एलबीसी नभोवाणीने त्यांच्याशी संबंध तोडला. तिथे मला दुसरी बाजू दिसत नाही. उलट्या दिशेचेही उदाहरण आहे. विल्यम्स यांच्या तीनच महिने आधी, जुलै २०१० मध्ये, सीएनएनच्या ऑक्टाव्हिया नासर यांनी लेबनॉनमधल्या एका शिया धर्मगुरूच्या निधनाबद्दल आदराने दोन ओळी लिहिल्या, तर वीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना घरी पाठवण्यात आले. शस्त्र तेच, फक्त मान दुसऱ्याची. जे लोक एका प्रसंगात टाळ्या वाजवतात तेच दुसऱ्या प्रसंगात मतस्वातंत्र्याच्या नावाने गळा काढतात. दोन्हीकडे सारखेच बोललेला मला तरी कोणी विरळाच दिसला.

मला सर्वांत शिकण्यासारखा वाटला तो प्रसंग अगदी अलीकडचा. २८ ऑक्टोबर २०२४, पुन्हा सीएनएन. मूळ हैदराबादच्या कुटुंबातले, ब्रिटनमध्ये वाढलेले पत्रकार मेहदी हसन चर्चेला बसले होते. पॅलेस्टिनींच्या हक्कांचा विषय निघाला तेव्हा रायन गिर्डस्की नावाचे दुसरे समालोचक त्यांना म्हणाले की तुमचा बीपर वाजू नये म्हणजे झाले. महिन्यापूर्वीच लेबनॉनमध्ये हिजबुल्लाच्या लोकांच्या खिशांतले पेजर फुटून माणसे मेली होती, त्याला उद्देशून ही थट्टा. हसन यांनी तिथल्या तिथे विचारले, मी मरावे असे म्हणालात का? जाहिरातींनंतर कार्यक्रम सुरू झाला तेव्हा दोघेही आसनांवर नव्हते. सूत्रसंचालिका ॲबी फिलिप यांनी हसन यांची आणि प्रेक्षकांची माफी मागितली, आणि गिर्डस्की यांना पुन्हा बोलावणार नाही असे वाहिनीने जाहीर केले.

यातला शेवटचा भाग, म्हणजे पुन्हा न बोलावण्याचा, वर्तमानपत्रांनी मोठा केला. मला त्याआधीचा भाग मोठा वाटतो. ज्या ध्वनिक्षेपकावरून अपमान गेला त्याच ध्वनिक्षेपकावरून, त्याच कार्यक्रमात, त्याच प्रेक्षकांसमोर ‘हे चुकले’ असे सांगितले गेले. काढून टाकल्याची बातमी दुसऱ्या दिवशी येते आणि ती बातमी अपमान ऐकलेल्या प्रत्येकापर्यंत पोहोचतेच असे नाही. वाहिनीला ती सोयीची मात्र असते. एक माणूस वजा केला की बाकीची संस्था धुतल्या तांदळासारखी स्वच्छ!

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. आकाशवाणीच्या संहितेत धर्मावर किंवा जमातीवर हल्ला करण्यास बंदी आहे. १९९४ च्या केबल दूरचित्रवाणी नियमांतही तसेच कलम आहे. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने २०२४ साली अशा कार्यक्रमांबद्दल एका वाहिनीला एक लाख आणि दुसरीला पन्नास हजार रुपये दंड केला. एवढ्या मोठ्या वाहिन्यांना ही रक्कम म्हणजे किती, ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सांगावे.

पण आपला आजार वेगळा आहे. जोन्स यांचा शब्द घसरला होता. आपल्याकडे पुष्कळदा शब्द घसरत नाही, कार्यक्रमच तसा आखलेला असतो. मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजवरून रात्रंदिवस जे चालले होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मी तेव्हा शाळेत होतो, आणि आमच्या गावात त्या बातम्या ऐकून मुसलमान भाजीवाल्याकडून भाजी घेणे बंद झाले होते. त्या परदेशी तबलिगींवर नगर जिल्ह्यात जे गुन्हे नोंदले गेले ते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले. २९ परदेशी माणसे होती. करोना त्यांनीच पसरवला असे चित्र उभे करणारा मोठा प्रचार वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी केला, आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे दिसते, असे न्यायालयाने निकालपत्रात म्हटले. अशा ठिकाणी एखाद्या निवेदकाला काढून काय साधणार? तो धन्याचेच काम करत होता. दुसऱ्या दिवशी दुसरा निवेदक त्याच खुर्चीत तोच मजकूर वाचील.

आणि काढण्याचा अधिकार आपल्याकडे कशासाठी वापरला जातो? २०१६ च्या आय.पी.एल.च्या तोंडावर हर्षा भोगले यांना समालोचकांच्या यादीतून वगळले गेले. त्यांनी कोणत्याही धर्माविषयी काही म्हटले नव्हते. कारण काय, हे आपल्याला कळवलेले नाही असे त्यांनी स्वतः लिहिले. कारण न सांगता काढण्याची मोकळीक आपण चांगल्या हेतूने मालकाच्या हाती दिली, तर तो ती अशीही वापरतो.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी यात्रेनिमित्त आमच्या गावात टेनिस चेंडूची स्पर्धा होती. माझा शाळेपासूनचा एक मित्र, जो आता वेल्डिंगच्या दुकानात काम करतो, डाव्या हाताने फार सुंदर गोलंदाजी करतो. उपांत्य सामन्यात तो धाव घेण्यासाठी मागे गेला आणि मी भोंग्यावर म्हणालो, “आता पाकिस्तानच्या बाजूने गोलंदाजीला येत आहेत…” आणि पुढे त्याचे नाव घेतले. मैदान हसले. मी ते पुन्हा म्हणालो. प्रेक्षकांतल्या एका पुढाऱ्याने समालोचकासाठी एकशे एक रुपयांचे बक्षीस पाठवले आणि ते बक्षीसही मीच भोंग्यावरून जाहीर केले. विल्यम्स यांच्या वीस लाख डॉलरवर मी वर जे लिहिले ते हे ध्यानात ठेवून वाचावे. विल्यम्स यांनी निदान स्वतःच्या भीतीविषयी सांगितले होते. मी जोन्स होतो, आणि माझा कोणताही करार कोणी संपवला नाही.

तो अंतिम सामन्याला आला नाही. पाय मुरगळला असे कळले आणि मी विश्वास ठेवला.

हे सारे वाचल्यावर या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या दुकानावर गेलो. तो गेटच्या चौकटीला डाग देत होता. काच खाली केली, काम संपवले, मग बोलला. “तू ग्राऊंडवर बोललास त्याचं मला एवढं नाही. भोंगा आमच्या गल्लीकडं तोंड करून होता. अम्मी दारात गहू निवडत होती. तिनं ऐकलं.” कोलंबोतल्या त्या जाहिरातींची मला आठवण झाली. मीही मैदानापुरतेच बोलत आहे असे समजत होतो.

मी माफी मागितली. मग, स्पर्धेतला विषय डोक्यात होता म्हणून, त्याला विचारलेच की त्या दिवशी मला समालोचनावरून काढायला हवे होते का? तो हसला. म्हणाला, “काढून काय? दुसऱ्यानं माईक धरला असता, त्यानं पण तेच म्हटलं असतं. तिथं मंडपात वीस जण बसले होते. एकानं तरी ‘ए, गप बस’ म्हणायला पाहिजे होतं. माईकवर.”

अम्मींना भेटायचे म्हणालो, तर म्हणाला, “संध्याकाळी ये.” मी गेलो. त्यांनी चहा दिला आणि माझ्या आईची विचारपूस केली. तो विषय त्यांनी काढला नाही आणि माझ्याच्याने काढवला नाही.

यंदाच्या यात्रेची पत्रके छापायला गेली आहेत. मंडळाच्या अध्यक्षांचा परवा निरोप आला की समालोचनाला तूच हवास, मागच्या वर्षी लोकांना फार आवडले. मी त्यांना कळवले आहे की पहिल्या सामन्याआधी मला भोंग्यावर दोन मिनिटे मागच्या वर्षीच्या त्या वाक्याविषयी बोलायचे आहे, आणि ते चालणार असेल तरच येईन. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.